संगाथ : शेजारच्या माणसाला समुपदेशक करताना

२००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात गोव्यातल्या एका चाचणीचा निकाल छापून आला. उदासी, काळजी, न लागणारी झोप अशा तक्रारी असलेली, सर्वसाधारण बाह्यरुग्ण विभागात आलेली ४५० माणसं तिच्यात होती. त्यांचे तीन गट पाडले होते. एकाला नैराश्यावरचं औषध दिलं, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, आणि तिसऱ्याला गोळी न देता केवळ बोलण्यातून होणारा मानसिक उपचार. दोन महिन्यांनी मोजलं तेव्हा औषधाच्या गटात सुधारणा जास्त दिसली. बोलण्याचा उपचार मात्र त्या पोकळ गोळीपेक्षा सरस ठरला नाही.

ही चाचणी केली होती डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. म्हणजे गोव्यात समुपदेशनाचं काम उभं करू पाहणाऱ्या माणसांनीच. आपल्याच कामावर पाणी फिरवणारा निकाल त्यांनी जगासमोर ठेवला आणि पुढची बारा-तेरा वर्षं त्याच प्रश्नाला दिली. बोलून माणसाला बरं वाटतं हे आपण सगळेच मानतो. पण कोण बोललं, काय बोललं, किती वेळा बोललं आणि ते नीट झालं की नाही हे पाहिलं कुणी? ‘संगाथ’ या संस्थेची वाटचाल म्हणजे या साध्या चौकशीचा पाठपुरावा आहे. म्हणून स्थापनेच्या तारखेआधी हा निकाल सांगावासा वाटला.

संस्था सुरू झाली १९९६ मध्ये. पटेल मूळ मुंबईचे. मुंबईत वैद्यकीय शिक्षण, मग ऑक्सफर्ड आणि लंडन, आणि त्यानंतर झिम्बाब्वेतल्या हरारे शहरात संशोधन. तिथल्या प्राथमिक दवाखान्यांत आणि पारंपरिक वैदूंकडे येणारे लोक आपलं मानसिक दुखणं कोणत्या शब्दांत सांगतात, याचा अभ्यास करून ते गोव्यात आले. इथल्या काही सहकाऱ्यांबरोबर त्यांनी संगाथ सुरू केली तेव्हा तिचं काम मुलांच्या वाढीतल्या अडचणी आणि कुटुंबांना मार्गदर्शन एवढंच होतं. त्याच वर्षी केंद्र सरकारने जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू केला. सरकारी कार्यक्रमाचा भर मनोविकारतज्ज्ञ आणि औषधं जिल्ह्यापर्यंत नेण्यावर होता. संगाथची नजर हळूहळू दुसरीकडे वळली. जिल्ह्यापर्यंत न्यायला पुरेसे मनोविकारतज्ज्ञ मुळात आहेत कुठे?

म्हापशाच्या आझिलो रुग्णालयातल्या मातांचा त्यांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी पाहिलं तर जवळजवळ चौथा हिस्सा स्त्रिया नैराश्यात होत्या. नेमका आकडा २३ टक्के. घरची गरिबी, नवऱ्याची मारहाण, आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी ही त्यामागची कारणं होती. या बायका बांबोळीच्या मनोरुग्णालयाची पायरी चढणार नव्हत्या. त्या बाळाला डोस द्यायला आरोग्य केंद्रात येत होत्या आणि कुणी विचारलंच तर ‘अंग दुखतं, टेन्शन आहे’ म्हणत होत्या. उपचार न्यायचा तर तो तिथेच न्यायला हवा होता, आणि तो देणारा माणूसही तिथल्याच गावचा हवा होता.

आपल्याकडे ही कल्पना परकी नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका केलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने आरोग्यदूतांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं, आणि बालमृत्यू कमी झाल्याचा पुरावा १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच आला. पण बाळाचं वजन काट्यावर दिसतं, श्वास मोजता येतो. मनाच्या उपचारात काटा कोणता लावायचा? जामखेड-गडचिरोलीच्या परंपरेत संगाथने घातलेली भर नेमकी इथे आहे, असं मला वाटतं.

२००३च्या त्या निकालानंतर पहिली मोठी उभारणी झाली ती ‘मानस’ प्रकल्पाची. गोव्यातली १२ सरकारी आरोग्य केंद्रं आणि १२ खासगी डॉक्टरांचे दवाखाने निवडले. निम्म्या ठिकाणी नेहमीचे उपचार, निम्म्या ठिकाणी नवी व्यवस्था. एकूण रुग्ण २,७९६. नव्या व्यवस्थेच्या केंद्रस्थानी होती एक स्थानिक पदवीधर स्त्री. आरोग्याचं कसलंही पूर्वशिक्षण नसलेली, दोन महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेली. आजार काय आहे ते समजावणं, श्वासाचे व्यायाम, नात्यांतल्या ताणावर बोलणं, औषध चालू असेल तर ते घेतलं जातंय ना याचा पाठपुरावा, ही तिची कामं. डॉक्टर आणि अधूनमधून येणारे मनोविकारतज्ज्ञ तिच्या पाठीशी.

२०१०मध्ये निकाल आला. ज्यांचा आजार निदानाने पक्का झाला होता अशा, सरकारी केंद्रांतल्या रुग्णांपैकी नव्या व्यवस्थेत ६५.९ टक्के सहा महिन्यांत बरे झाले होते, जुन्या व्यवस्थेत ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र दोन्हींत फरक पडला नाही. हा दुसरा भाग मला पहिल्याइतकाच बोलका वाटतो. खासगी डॉक्टर पेशंटला नावाने ओळखतो, त्याचं घर ओळखतो, दोन शब्द जास्त बोलतो. त्या ठिकाणी समुपदेशक बसवून फारसं वाढत नाही. सरकारी केंद्रात, जिथे एकेका डॉक्टरच्या दारात रांग लागलेली असते, तिथे अर्धा तास नुसतं ऐकून घेणारं माणूस मिळणं हा मोठा बदल ठरतो.

दोन महिन्यांत समुपदेशक घडतो का, हा प्रश्न तरीही उरलाच होता. मानसमध्ये समुपदेशन, औषध, डॉक्टर सगळं एकत्र गुंफलेलं होतं. समुपदेशनाचा एकट्याचा गुण किती, हे त्यातून वेगळं काढता येत नव्हतं. त्यासाठी २०१० नंतर ‘प्रीमियम’ हा कार्यक्रम आला. त्यातून दोन उपचार तयार झाले. तीव्र नैराश्यासाठी एक, आणि घातक पातळीवर दारू पिणाऱ्या पुरुषांसाठी दुसरा. हे दोन्ही उपचार देणारी माणसं कशी तयार झाली, ते सविस्तर सांगायला हवं. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांनी तर ते मुद्दाम वाचावं.

उमेदवारासाठी अटी फार नव्हत्या. वय अठराच्या वर, शालेय शिक्षण पूर्ण, स्थानिक भाषा येणारा, आणि मानसिक आरोग्याचं कोणतंही व्यावसायिक शिक्षण नसलेला. पहिले तीन आठवडे वर्गात. व्याख्यानं असायची, पण मुख्य भर रोल-प्लेवर. एकाने रुग्ण व्हायचं, एकाने समुपदेशक, बाकीच्यांनी पाहायचं. त्यानंतर सहा महिने उमेदवारी, म्हणजे आरोग्य केंद्रात खऱ्या रुग्णांबरोबर, देखरेखीखाली काम. वर्ग संपला म्हणून कुणी समुपदेशक झालं नाही. उमेदवारीच्या काळात ज्यांचं काम कसाला उतरलं त्यांनाच पुढे चाचणीत घेतलं. शेवटी उरले अकरा जण.

वर्गात नवं शिकवण्याइतकंच जुनं सोडवायचं असतं. आपल्या समाजात दुःखी माणूस समोर आला की सल्ला देणं हा जवळजवळ धर्म आहे. ‘विचार करू नकोस’, ‘मुलांकडे बघ जरा’, ‘मन खंबीर कर’, ‘सोड की ती दारू’. सांगणाऱ्याच्या मनात माया असते. पण ऐकणाऱ्याने हे सगळं शंभरदा ऐकलेलं असतं, आणि शंभर वेळा आपण कमी पडलो याची नोंद त्याने मनात केलेली असते. समुपदेशक होऊ पाहणाऱ्याची पहिली कसोटी म्हणजे ही वाक्यं ओठांवर येऊन थांबवणं. पुस्तक वाचून ते येत नाही. रोल-प्लेमध्ये, सगळ्यांसमोर, पुन्हा पुन्हा चुकून येतं.

नैराश्याच्या उपचाराचा गाभा तसा सोपा आहे. उदास माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. शेजारी जाणं सोडतो, देवळात जाणं सोडतो, जेवण टाळतो, अंथरुणात राहतो. सोडल्यामुळे आणखी उदास होतो. हे चाक उलटं फिरवायचं. मन सुधारेल मग कामाला लागू, असं म्हणायचं नाही. आधी एखादी छोटी, त्या माणसाच्या आयुष्यात अर्थ असलेली कृती, मग दुसरी. सहा ते आठ बैठका. केंद्रात जमलं नाही तर घरी, तेही नाही तर फोनवर. दर बैठकीला ठरलेल्या प्रश्नांवरून गुण मांडायचे, म्हणजे सुधारणा होतेय की नाही हे दोघांनाही कळतं.

आता देखरेखीबद्दल. माझ्या मते संगाथचं सगळ्यात मोलाचं काम हेच. रुग्णाच्या संमतीने बैठकांचं ध्वनिमुद्रण होई. दर आठवड्याला समुपदेशकांचा गट बसे, त्यातलं एक मुद्रण निवडून सगळे मिळून ऐकत, आणि प्रत्येक जण ठरलेल्या कोष्टकावर गुण देई. सुरुवात नीट झाली का? मागच्या वेळी ठरलेल्या कामाची चौकशी केली का? रुग्ण बोलत असताना मध्ये तोंड घातलं का? उपचारातलं नेमकं कौशल्य वापरलं का, की नुसत्या गप्पा झाल्या? ज्याची बैठक वाजत असे तोही तिथेच बसलेला असे आणि तोही स्वतःला गुण देत असे. आरंभी तज्ज्ञ बरोबर असत. पुढे गट चालवण्याचं काम समुपदेशकांकडेच आलं. त्यांनी दिलेले गुण आणि तज्ज्ञांचे गुण ताडून पाहिले तेव्हा ते बऱ्यापैकी जुळत होते. याशिवाय महिन्यातून दोनदा प्रत्येकाशी स्वतंत्र बसणं होतं.

यातून काय घडलं ते नीट पाहायला हवं. दहावी-बारावी शिकलेली माणसं केवळ उपचार देत नव्हती, उपचाराचा दर्जाही मोजत होती. २००३ मध्ये न सापडलेला काटा त्यांनी स्वतःच्या हाताने तयार केला. गवई आपलं गाणं मुद्रित करून गुरूसमोर ऐकतो आणि कुठे सूर हलला ते लाजत मान्य करतो, तशी ही तालीम. फरक इतकाच की इथे गुरू हळूहळू बाजूला होतो आणि गुरुबंधूच कान धरतात.

नैराश्याच्या उपचाराची चाचणी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत झाली. रुग्ण ४९५, त्यात बहुसंख्य स्त्रिया. ‘लॅन्सेट’च्या २०१७च्या एका अंकात निकाल आला. नेहमीच्या उपचाराबरोबर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के तीन महिन्यांत नैराश्यातून बाहेर आले होते, ते न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. वर्षाने पुन्हा पाहिलं तेव्हा ६३ आणि ४८ टक्के. अंतर थोडं कमी झालं, पण मिळालेलं टिकलं.

त्याच अंकात दारूच्या उपचाराचाही निकाल होता. त्या चाचणीचे प्रमुख डॉ. अभिजित नाडकर्णी. गोव्यात हा प्रश्न हाताळायचा म्हणजे काय, हे बाहेरच्यांना चटकन कळत नाही. तिथे दारू घराच्या, सणाच्या, जेवणाच्या आत आहे. गावागावात ताव्हेर्न म्हणजे दारूचा गुत्ता आहे, काजूच्या हंगामात काजूच्या रसाची उर्राक आहे, फेणीला तर २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शेजारच्या राज्यांपेक्षा दारू स्वस्त. ‘बेबदो’ म्हणून हिणवला जाणारा माणूस समाजाला दिसतो, पण त्याच्या अलीकडे, अजून नोकरीवर जाणारा, अजून घर चालवणारा, आणि तरीही दारूने पोखरला जाणारा पुरुष कुणाच्याच खिजगणतीत नसतो.

हा उपचार त्याच्यासाठी होता. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. किती वेळा पिता, एका वेळी किती, सकाळी उठल्यावर लागते का, पिण्यामुळे कुणाला इजा झाली का. उत्तरांवरून शून्य ते चाळीस गुण. १२ ते १९ गुण मिळालेले पुरुष या चाचणीत घेतले, एकूण ३७७. वीस किंवा त्याहून जास्त गुण असलेल्यांना तज्ज्ञांकडे पाठवायचं. दारूवर शरीरच अवलंबून झालं असेल तर ती अचानक तोडणं जिवावर बेतू शकतं, आणि ही जबाबदारी समुपदेशकाने घ्यायची नाही. आपल्या कामाची हद्द कुठे संपते हे ओळखणं प्रशिक्षणात पहिल्या दिवसापासून असतं, आणि मला तो या प्रशिक्षणाचा सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो.

बैठका जास्तीत जास्त चार. समजा, एखादा ट्रकचालक समोर बसला आहे. समुपदेशक त्याला ‘दारू वाईट’ असं सांगत नाही. तुझे गुण इतके आले, याचा अर्थ तुझ्या तब्येतीसाठी असा, तुझ्या पगारातला इतका भाग असा जातो, हे त्याच्यासमोर मांडतो आणि विचारतो, यावर तुला काय वाटतं? बदलायचं कारण त्याच्या तोंडून यायला हवं. मग पुढच्या बैठकांत कामाच्या गोष्टी. पगाराच्या दिवशी मित्र बोलावतात तेव्हा नाही कसं म्हणायचं, तलफ आली तर ती ओसरेपर्यंतचा वेळ कसा काढायचा, घरच्या अडचणी एकेक करून कशा सोडवायच्या. शेवटच्या बैठकीत, पुन्हा घसरलो तर काय, याची तयारी.

तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के पुरुष घातक पिण्याच्या रेषेखाली आले होते, न मिळालेल्यांपैकी २६ टक्के. मागच्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेल्यांचं प्रमाण ४२ विरुद्ध १८ टक्के. हे यश आहे, आणि त्याला मर्यादाही आहेत. जे पीत राहिले त्यांचं पिण्याचं प्रमाण घटलं नाही. बायकोला होणाऱ्या मारहाणीतही या उपचाराने फरक पडल्याचं दिसलं नाही. व्यसनमुक्तीच्या कामाबद्दल आपल्याकडे जे गोड गोड लिहिलं जातं, त्यात हे वाक्य सहसा गाळलं जातं. ते गाळू नये. दारू थांबली की घरातला हात उगारणं आपोआप थांबेल, या भरवशावर एखाद्या बाईला माघारी पाठवणं धोक्याचं आहे. तिच्यासाठी वेगळी व्यवस्था लागते.

समुपदेशक होण्याची आणखी एक वाट महाराष्ट्राला फार आधीपासून माहीत आहे. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याला डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांड्यांच्या मदतीने मुक्तांगण सुरू केलं. तिथे बरे झालेले रुग्णमित्र पुढे कार्यकर्ते झाले, समुपदेशक झाले. स्वतः त्या गर्तेत जाऊन आलेल्या माणसाचं बोलणं ऐकून घेणाऱ्याला वेगळं भिडतं. पुढे केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्याने प्रादेशिक प्रशिक्षण केंद्र म्हणूनही मुक्तांगणला मान्यता दिली. गोव्याची वाट अनुभवावर उभी नाही, मोजलेल्या कौशल्यावर आहे. दोन्हींत श्रेष्ठ-कनिष्ठ करण्यात अर्थ नाही. मुक्तांगणकडे येतो तो बहुधा व्यसनाने खोल गेलेला माणूस. संगाथच्या समुपदेशकाला भेटतो तो खोकल्याचं औषध घ्यायला आलेला. दोघांच्या मधला पट्टा खूप रुंद आहे आणि तो आजही मोकळा पडलेला आहे.

गोव्याबाहेर ही पद्धत विदर्भातही गेली. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाने, नागपूरच्या ‘प्रकृती’ या संस्थेबरोबर आणि टाटा ट्रस्टच्या पैशाने. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेला तो भाग. गावातली आरोग्य कार्यकर्ती छोट्या बैठका घेई, अडचणीतल्या माणसाला धीर देई आणि गरज दिसली तर समुपदेशकाकडे पाठवी. त्याच्याही पुढची गरज असेल तर मनोविकारतज्ज्ञ ठरावीक दिवशी येत. नैराश्य असलेल्यांपैकी कुठल्याही उपचारापर्यंत पोचणारे आधी ४.३ टक्के होते, दीड वर्षाने २७.२ टक्के झाले. तुलनेला दुसरी गावं नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय कार्यक्रमाचंच असं म्हणता येणार नाही. पण सहापट वाढ ही हवेतून येत नाही. कापसाच्या भावाबद्दल बोलता बोलता झोपेबद्दल बोलायला लागलेला शेतकरी ही त्या वाढीमागची खरी गोष्ट आहे.

सातारा जिल्ह्यानेही या वाटचालीत हातभार लावला आहे. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना घरी जाऊन मदत करणाऱ्या कार्यकर्त्यांची जी चाचणी गोवा, तामिळनाडू आणि सातारा इथे झाली, तिचा निकाल २०१४ मध्ये आला. लाभ माफक होता. औषधाला जोड म्हणून कार्यकर्ता उपयोगी, औषधाची जागा तो घेऊ शकत नाही, हा त्यातला बोध समुपदेशकांना शिकवायलाच हवा.

मध्यंतरी संस्थेला मान मिळत गेले. २००८ मध्ये मॅकआर्थर फाउंडेशनचा पुरस्कार. त्याच वर्षी गोव्यात मानसिक आरोग्यातल्या नेतृत्वाचा अभ्यासक्रम सुरू झाला, ज्यासाठी देशोदेशींचे लोक येतात. भोपाळ, दिल्लीत कामाचे तळ उभे राहिले. मध्य प्रदेशातल्या सिहोर जिल्ह्यात आशा कार्यकर्त्यांना तोच नैराश्याचा उपचार मोबाइलवरच्या लहान चित्रफितींतून शिकवता येईल का, हे तपासायला घेतलं. प्रश्न रास्त आहे. देशात दहा लाखांच्या आसपास आशा आहेत, प्रत्येकीला तीन आठवडे वर्गात बसवणारं राज्य नाही. पण मला चिंता वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. वर्ग मोबाइलवर नेता येतो. मुद्रण ऐकून ‘इथे तू त्याला बोलू दिलं नाहीस’ असं म्हणणारं माणूस मोबाइलवर नेणं अवघड आहे, आणि पैसा आटला की पहिली कात्री देखरेखीलाच लागते. पुस्तिका आणि कोष्टकं संगाथने सगळ्यांसाठी खुली ठेवली आहेत. एखाद्या तालुक्यातली संस्था ती आज उतरवून घेऊ शकते. आठवड्याची ती बैठक कोण घेणार हे ठरलेलं नसेल, तर तीन आठवड्यांचा वर्ग दोन-तीन वर्षांत धुऊन जातो आणि पुन्हा ‘मन खंबीर करा’ सुरू होतं.

गरज किती आहे? निम्हान्सच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय पाहणीत उपचाराविना राहिलेल्यांचं प्रमाण बहुतेक मानसिक आजारांत ७० टक्क्यांच्या वर निघालं, दारूच्या विकारांत ८६ टक्के. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या देशव्यापी अभ्यासात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांतल्या एकालाच कसलाही उपचार मिळाल्याचं दिसलं. आणि दुसरीकडे ‘प्रीमियम’मधल्या त्या अकरा जणांसारखं काम शिकलेल्या माणसाला पुढे काय?

रीतसर वाट ठाऊक आहे. समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं, मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था किंवा निर्मला निकेतन, पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था. किंवा मानसशास्त्रात पदव्युत्तर पदवी आणि त्यावर रुग्णालयातलं दोन वर्षांचं प्रशिक्षण, मग भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात पदं आहेत ती यांच्यासाठी. केंद्राच्या अनुदानावरच्या व्यसनमुक्ती केंद्रांत समुपदेशकाची जागा असते. २०२२च्या १० ऑक्टोबरला केंद्राची ‘टेली-मानस’ ही फोनसेवा सुरू झाली, १४४१६ हा क्रमांक फिरवला की पहिला फोन प्रशिक्षित समुपदेशक उचलतो, ही चांगली गोष्ट झाली. पण गोव्यातल्या किंवा अमरावतीतल्या एखाद्या आरोग्य केंद्रात बसून सहा-आठ बैठकांत नैराश्य उतरवणाऱ्या गावच्या मुलीसाठी शासनाच्या यादीत पदनाम नाही. ती प्रकल्पावर असते. प्रकल्प तीन वर्षांचा, तिचा पगारही तीन वर्षांचा. हातात आलेलं कौशल्य घेऊन ती मग विमा विकते किंवा शाळेत लिपिक होते.

२०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याने वर्तणूक आरोग्याचं क्षेत्र नोंदणीच्या कक्षेत आणलं. बोगस समुपदेशकांना आळा बसायला ते हवंच होतं. त्या कायद्यात व्यावसायिक म्हणून नोंद व्हायची तर किमान २,००० तासांची पदविका किंवा पदवी लागते, वरच्या श्रेणीसाठी ३,६०० तास. संगाथची उमेदवारी तास मोजते ती वेगळ्या तऱ्हेने: रुग्णासमोर बसलेले तास, मुद्रण ऐकलेले तास, गुण दिलेले आणि घेतलेले तास. कायदा लिहिताना हे तास कुणासमोर आलेच नसावेत. ते पुढे आणायचं काम गोवा आणि महाराष्ट्र या दोन सरकारांनी करायला हवं, कारण पुरावा या दोन राज्यांच्या गावांतून आला आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रामागे एक समुपदेशक, पाच-सहा समुपदेशकांमागे त्यांच्यातूनच वर आलेला एक देखरेख करणारा, दोघांनाही कायम पद आणि बढतीची पायरी, आणि आठवड्याची बैठक ही कामाच्या वेळेतली, भत्त्यासकट. अमरावतीत आणि गोव्यात हे करून दाखवणारी माणसं आजही आहेत. त्यातली बरीच दुसऱ्या कामाला लागली आहेत, पण बोलावलं तर येतील.